भुताचं कुटुंब, घरच्यांसोबत बघायचं

गेल्या अंकातल्या लेखाचा विषय होता ‘द मन्स्टर्स’. १९६४ ते १९६६ या काळात अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर चाललेली ही ७० भागांची कृष्णधवल विनोदी मालिका. बाप शिवून-सांधून उभा केलेला राक्षस, आई आणि आजोबा रक्तपिपासू, मुलगा लांडग्याच्या जातीचा, आणि हे सगळे एका साध्यासुध्या वसाहतीत संसार थाटून बसलेले. २०२२ मध्ये तिच्यावर चित्रपट आला. तो केला रॉब झॉम्बीने, म्हणजे २००३ पासून रक्तबंबाळ भयपटांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या दिग्दर्शकाने. नाशिकमधून आलेल्या पत्रांत चित्रपटाविषयी प्रश्न कमी आणि “आम्हालाही असं काही करायचंय” हा सूर जास्त. म्हणून उत्तरंही त्याच अंगाने.

प्रश्न : ज्याचे सिनेमे बघताना मोठी माणसंसुद्धा डोळ्यांवर हात धरतात, त्याच्या हाती घरगुती विनोदी मालिका का द्यावी? हा नुसता प्रसिद्धीचा डाव तर नाही? (कॉलेज रोड)

प्रसिद्धीचा भाग असतोच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण असा बदल करणारा हा पहिला दिग्दर्शक नव्हे. ‘हॉस्टेल’सारखा अंगावर येणारा चित्रपट करणाऱ्या एलाय रॉथने २०१८ मध्ये मुलांसाठी जादूटोण्याच्या घराची गोष्ट केली. १९९१ चा ‘द अॅडम्स फॅमिली’ ज्याने दिग्दर्शित केला तो बॅरी सॉननफेल्ड त्याआधी कॅमेरामन होता आणि एका गाजलेल्या थरारपटाचं छायाचित्रण त्याच्या नावावर होतं. आपल्याकडेही १९९३ च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू लहान मुलांनी घाबरत घाबरत आणि हसत हसतच बघितला. कारण साधं आहे. भीती आणि हसू या दोन्हींना लागणारी हत्यारं एकच: कधी दाखवायचं, किती वेळ थांबायचं, उजेड कुठून टाकायचा, रंगभूषा कितपत पटवायची. भयपट करणाऱ्याचा हात या चारही गोष्टींवर बसलेला असतो.

मग २०२२ चा चित्रपट अनेकांना का भावला नाही? आमच्या मते दोष दिग्दर्शकाच्या पूर्वायुष्यात नाही, गोष्टीच्या निवडीत आहे. मूळ मालिकेतली खरी गंमत त्या कुटुंबाच्या शेजाऱ्यांत आणि मॅरिलिन नावाच्या भाचीत होती. ती दिसायला छान, चारचौघींसारखी. आणि घरचे तिच्याकडे बघून हळहळतात की पोरीचं रूप असं, हिचं लग्न कसं व्हायचं. म्हणजे मोजपट्टी उलटी धरलेली. चित्रपटाने बाप हर्मन आणि आई लिली यांची ओळख कशी झाली ही आधीची कथा घेतली, ती बरीचशी ट्रान्सिल्व्हेनियात घडते आणि तिथे सगळेच चित्रविचित्र. भाची नाही, मुलगा नाही, शेजारपाजार थेट शेवटाकडे. सगळेच भूत असले की भूत असण्यात विनोद उरत नाही. दुसरं, मूळ भाग साधारण पंचवीस मिनिटांचा होता, चित्रपट पावणेदोन तासांच्या पुढे जातो. एका विनोदाला चार-पाचपट ताणलं की तो तुटणारच.

तिसरी गोष्ट रंगांची. मालिका कृष्णधवल होती, चित्रपटात हिरवा, जांभळा, गुलाबी असे भडक दिवे आहेत. काहींना ते व्यंगचित्रासारखं वाटून आवडलं, काहींच्या डोळ्यांना टोचलं. त्यावर वाद घालता येईल. पण दिग्दर्शकाने एक पथ्य शेवटपर्यंत पाळलं: कुणाला इजा होते आणि त्याची मजा घ्यायची, असा प्रसंग त्याने ठेवला नाही. त्याच्या आधीच्या चित्रपटांना अमेरिकेत ‘आर’ हे कडक प्रमाणपत्र मिळत असे, याला पालकांसोबत बघण्याचं ‘पीजी’ मिळालं.

प्रश्न : पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात आमचा ग्रुप वीस मिनिटांचा विनोदी भाग करतोय. वाड्यात मेलेल्या सासूबाई अजून घर चालवतात, अशी कल्पना आहे. वाचताना सगळे हसले, तालमीचं मोबाइलवर शूटिंग केलं तर कुणालाच हसू येईना. कुठे चुकतंय? (पंचवटी)

तुम्ही पाठवलेल्या पानांतला पहिलाच प्रसंग घेऊ. पहाटे गवळी कडी वाजवतो, दार कुरकुरत उघडतं, अंधारातून पांढऱ्या लुगड्यातल्या सासूबाईंचा चेहरा एकदम समोर येतो, धाडकन संगीत, गवळी किंचाळतो. मग सासूबाई म्हणतात, “काल दुधात पाणी जास्त होतं.” वाक्य चांगलं आहे. पण ते येईपर्यंत तुम्ही प्रेक्षकाला दचकवून टाकलेलं असतं, आणि दचकलेला माणूस पुढचं वाक्य ऐकत नाही. छाती शांत व्हायला त्याला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात तुमचा विनोद निघून गेलेला असतो.

भयपटात पात्राला आणि प्रेक्षकाला भूत एकाच क्षणी दिसतं. विनोदात प्रेक्षकाला आधी, पात्राला नंतर. म्हणून क्रम बदला. पहिला शॉट ओसरीच्या आतून घ्या: सासूबाई पाठमोऱ्या, पाय जमिनीपासून वीतभर वर, हातात दुधाचं पातेलं, दाराकडे निघाल्यात. हा शॉट चार सेकंद ठेवा, संगीत नको, फक्त कडीचा आवाज. आता प्रेक्षकाला कळलंय की बाहेरच्या बिचाऱ्यावर काय येणार आहे. दुसरा शॉट बाहेरून, गवळी आणि दार दोन्ही पूर्ण दिसतील असा लांबून. दार उघडतं, गवळी मान खाली घालून दूध मापतोय, त्याने वर पाहिलेलंच नाही. सासूबाई पाण्याची तक्रार करतात. गवळी मान न उचलता “म्हशीनंच पाणी जास्त पिलंय, आई” म्हणतो. आणि मग तो वर बघतो. इथे किंचाळी नको. त्याचा चेहरा दीड सेकंद तसाच धरा आणि कापा.

कॅमेऱ्याबद्दल दोन गोष्टी. चेहऱ्याला चिकटलेला शॉट भीती वाढवतो, विनोदाला अख्खं शरीर लागतं. हात, पाय, पातेलं सगळं चौकटीत राहू द्या आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. खालून घेतलेला शॉट सासूबाईंना राक्षसी करेल, तुम्हाला त्या खाष्ट हव्यात. संकलनात २५ फ्रेम म्हणजे एक सेकंद हे मनात धरा. विनोदाच्या वाक्यानंतर ऐकणाऱ्याचा चेहरा किमान २० ते २५ फ्रेम राहिला पाहिजे. हौशी संकलनात तो हमखास आठ-दहा फ्रेमांत कापला जातो, कारण संकलकाने वाक्य पन्नास वेळा ऐकलेलं असतं आणि त्याला पुढे जायची घाई असते.

जुन्या मालिकेत ध्वनिमुद्रित हशा असायचा. तुमच्याकडे तो नाही आणि घालूही नका. त्या हशाचं एक काम मात्र तुम्हाला स्वतः करावं लागेल: तो पुढच्या वाक्याआधी जागा मोकळी ठेवायचा. त्यामुळे तालमीत चार अनोळखी माणसं बसवा, ती जिथे हसतील तिथे संहितेत रेघ मारा आणि शूटिंगच्या वेळी नटांना त्या रेघेवर श्वास घ्यायला सांगा.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: सासूबाईंना आपण मेलोय यात काही विशेष वाटता कामा नये. त्यांची चिंता दूध, पापडाचं पीठ, धाकट्याचं लग्न. ज्या क्षणी त्या “मी भूत आहे” या तोऱ्यात बोलतील, त्या क्षणी खेळ संपला. आणि घरात एक तरी जिवंत, रोजच्यासारखा माणूस ठेवाच. नवी सून असेल तर उत्तम. सासूबाईंना तिची कीव आली पाहिजे, की बिचारीला भिंतीतून जाता येत नाही, प्रत्येक वेळी दार उघडावं लागतं.

प्रश्न : चिमणरावांच्या गोष्टींवर नव्याने मालिका करायची इच्छा आहे, थोडी गूढ-विनोदी. हक्क कुणाकडे मागायचे? दूरदर्शनकडे की लेखकाच्या वारसांकडे? (गंगापूर रोड)

इथे दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत. एक, चिं. वि. जोशी यांनी लिहिलेल्या कथा. दुसरी, मुंबई दूरदर्शनने केलेली मालिका, जिच्यात दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ होते.

भारतीय कायद्यात लेखनाचा स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. जोशींचं निधन १९६३ चं. म्हणजे मोजणी १ जानेवारी १९६४ पासून, मुदत संपली ३१ डिसेंबर २०२३ ला. त्यांच्या हयातीत छापल्या गेलेल्या कथा २०२४ पासून कुणालाही वापरता येतात. एखादी कथा त्यांच्या पश्चात पहिल्यांदा छापली गेली असेल तर तिची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून प्रत्येक कथेचं पहिलं प्रकाशनवर्ष तपासा. सार्वजनिक वाचनालयातली जुनी आवृत्ती काढून पहिल्या पानाचा फोटो ठेवून द्या, पुढे उपयोगी पडतो.

मालिका मात्र अजून मोकळी नाही. तिची पटकथा, संवाद, शीर्षकसंगीत, त्यात नव्याने घातलेले प्रसंग यांवर वेगळे हक्क आहेत. कथेवरून काम करा, मालिकेवरून नको. व्यवहारात चूक इथेच होते: माणूस कथा वाचतो म्हणतो, पण लिहिताना डोक्यात मालिकेतलं बोलणं घोळत असतं. पटकथा लिहिणाऱ्याने काम पूर्ण होईपर्यंत जुने भाग बघू नयेत. कुणी केलेलं नाट्यरूपांतर हाती आलं तर तेही बाजूला ठेवा, त्याचा हक्क रूपांतरकाराचा.

मुदत न संपलेल्या लेखकाचं काही घ्यायचं असेल तर करार लेखीच हवा, फोनवरच्या “करा की” याला किंमत नाही. करारात काळ लिहिला नसेल तर कायदा तो ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. यूट्यूबवर टाकायचं असेल तर “जगभर” हा शब्द पाहिजेच. आणि हक्क घेऊन एक वर्ष काहीच केलं नाही तर, करारात वेगळं ठरलेलं नसल्यास, ते परत जातात.

याच अनुषंगाने सिडकोतल्या एका वाचकाने विचारलंय की सपाट डोक्याचा, मानेत खिळे असलेला राक्षस वापरला तर चालेल का. मेरी शेलीची कादंबरी १८१८ ची, ती सगळ्यांची. पण ते सपाट डोकं आणि खिळे कादंबरीत नाहीत. ते युनिव्हर्सल कंपनीच्या १९३१ च्या चित्रपटातल्या रंगभूषेतून आले आणि कंपनी ते रूप जपून आहे. ‘द मन्स्टर्स’ युनिव्हर्सलचीच मालिका असल्यामुळे हर्मनला ते वापरता आलं. तुम्ही कशाला त्या फंदात पडता? मुंजा, हडळ, वेताळ, समंध, जखीण, ब्रह्मराक्षस एवढी मंडळी घरची असताना उसना राक्षस आणायचं कारण नाही. मुंजा तर मूळचाच विनोदी आहे: सोडमुंज न झालेला, लग्नाला आसुसलेला.

प्रश्न : हिरव्या चेहऱ्याची रंगभूषा दुपारी वाड्यात केली, तासाभरात ओघळली आणि मोबाइलवर चेहरा पिवळट-तपकिरी दिसला. रंग बदलावा का? (सिडको)

रंग बदलण्याआधी दिवा बदला. पिवळ्या बल्बखाली हिरवा रंग मातकट दिसतो, कारण त्या उजेडात निळा भाग फारच कमी असतो. पांढऱ्या एलईडीखाली, मोबाइलचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग आपोआप बदलणारी सोय, लॉक करून, हाताच्या पाठीवर तीन छटा लावून बघा. आरशात बघून ठरवू नका, कॅमेऱ्यात बघूनच ठरवा.

ओघळण्याचं कारण बहुधा पाण्यात कालवायचा रंग. तो पटकन लागतो, पटकन निघतो, पण घामाला टिकत नाही. एप्रिल-मे मधल्या नाशिकच्या दुपारी तेलकट ग्रीजपेंट घ्या. क्रम असा: चेहरा धुऊन कोरडा करा, पाच मिनिटं ओल्या थंड फडक्याने शेका म्हणजे घाम आटोक्यात राहतो. स्पंजने रंगाचा पातळ थर थोपटत लावा, ओढू नका. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा जास्त टिकतात. जाड थर हसताना गालाच्या घडीत फाटतो, आणि विनोदी नट हसणार, तोंड वेडंवाकडं करणार हे गृहीतच आहे. प्रत्येक थरावर रंगहीन पावडर पफने दाबा, एक मिनिट थांबा, जादा पावडर ब्रशने झटका. कान, मानेची मागची बाजू आणि हातांचे पंजे विसरू नका; हौशी भुतांचे पंजे नेहमी गोरेच राहतात. दर चाळीस मिनिटांनी टिश्यू नुसता टेकवून घाम टिपा, पुसायचं नाही, आणि पुन्हा पावडर.

आदल्या दिवशी कानामागे थोडा रंग लावून २४ तास ठेवा. खाज आली, लाली आली तर तो रंग त्या माणसाला नको. होळीचा रंग, पोस्टर कलर, फेविकॉल यांपैकी काहीही चेहऱ्यावर चालत नाही. काढताना आधी खोबरेल तेल चोळून रंग सुटा करा, कापसाने टिपा, मग सौम्य फेसवॉश. थेट साबण घासला तर रंग रोमछिद्रांत बसतो आणि दुसऱ्या दिवशी नट हिरवट चेहऱ्याने कामावर जातो.

भाग कृष्णधवल करायचा विचार असेल तर आणखी एक गणित. डिजिटल चित्राचं कृष्णधवल करताना उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के धरला जातो, लाल २१ आणि निळा ७. म्हणून हिरवा चेहरा उजळ, भुतासारखा फिकट दिसेल; निळा लावाल तर काळवंडेल. ओठांना लाल लावला तर ते काळसर दिसतात, तेच हवं असतं. शूटिंग रंगीतच करा, रंग नंतर काढा. मोबाइलच्या कृष्णधवल फिल्टरमध्येच घेतलं तर मागे फिरता येत नाही.

प्रश्न : जमिनीवरून वाहणारा धूर हवा आहे. ड्राय आइस आणावा की धुराचं मशीन? (सातपूर)

जमिनीलगत सरकणारा धूर ड्राय आइसचाच. तो म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. गरम पाण्यात टाकला की पांढरं धुकं निघतं आणि वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे खालीच राहतो. नेमका तोच त्याचा धोका आहे. एक किलोपासून सुमारे ५४० लिटर वायू होतो. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली साधारण ३४ हजार लिटरची. दोन किलो टाकून दारं-खिडक्या बंद ठेवल्या तर खोलीतल्या हवेत तीन टक्क्यांच्या वर कार्बन डायऑक्साइड होतो. डोकं जड होणं, धाप लागणं इथून सुरू होतं. जमिनीजवळ प्रमाण आणखी जास्त. त्यामुळे वाड्याच्या तळघरात, खोल कोनाड्यात किंवा जमिनीवर झोपलेल्या पात्राच्या शॉटला ड्राय आइस वापरू नका. लहान मूल किंवा मांजर खोलीत नको. चौकात, उघड्यावर, एका वेळी अर्धा किलो, आणि शॉट झाला की सगळे बाहेर.

तुकडे उचलायला जाड कातडी हातमोजे किंवा चिमटा लागतो, उघड्या हाताला लगेच जखम होते. घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा बाटलीत ठेवलात तर डबा फुटतो; थर्माकोलचा सैल झाकणाचा खोका वापरा आणि गाडीतून आणताना काचा खाली ठेवा. सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्यात चौकशी केलीत तर पुरवठादार सापडेल, पण शूटिंगच्या दिवशी सकाळीच आणा. आदल्या रात्री आणलेला निम्मा उडून गेलेला असतो.

माजघरात नुसतं धूसर वातावरण हवं असेल तर धुराचं मशीन पुरे. तेही नसेल तर लोबान, मात्र दम्याचा त्रास असणारं कुणी नाही ना हे आधी विचारा. धूर दिसतो तो मागून आलेल्या उजेडात. दिवा कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवलात तर कितीही धूर करा, चित्र नुसतं फिकट दिसतं.

प्रश्न : सॉफ्टवेअरवर खर्च न करता आरपार दिसणारं भूत कसं दाखवायचं? (त्र्यंबकेश्वर)

हा प्रश्न त्र्यंबकेश्वरहून यावा हे छानच झालं. दादासाहेब फाळके १८७० मध्ये तिथेच जन्मले, आणि नाशिकच्या मुक्कामात पडद्यावर चमत्कार घडवण्यासाठी त्यांनी जे कॅमेऱ्याचे खेळ केले त्यांतला दुहेरी छायांकनाचा, म्हणजे एकावर एक दोन चित्रं घेण्याचा खेळ तुम्हाला आज मोबाइलवर करता येतो. ट्रायपॉड पक्का लावा, पायांशी वाळूची पिशवी ठेवा. फोकस, एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. आधी रिकामी जागा ३० सेकंद चित्रित करा. मग कॅमेऱ्याला हात न लावता भुताचा नट चालवा. संकलनाच्या मोफत अॅपमध्ये रिकाम्या जागेवर दुसरा थर टाकून त्याची अपारदर्शकता ४० ते ६० टक्क्यांवर आणा.

बिघडतं दोन कारणांनी. बटण दाबताना मोबाइल हलतो, म्हणून ब्लूटूथचं बटण किंवा टायमर वापरा. आणि ढग सरकून मधल्या मिनिटात उजेड बदलतो, म्हणून असे शॉट रात्री, फक्त दिव्यांवर घ्या. तेव्हा सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर ठेवा; आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दुसऱ्या बऱ्याच आकड्यांवर दिवे चित्रात लुकलुकू शकतात. भुताच्या अंगावर फिकट कपडे आणि मागची भिंत काळोखी असेल तर निम्मं काम झालंच.

प्रश्न : आमच्या भागात आठ आणि दहा वर्षांची दोन मुलं आहेत. रात्रीचं शूटिंग करावं का? (नाशिक रोड)

व्यावसायिक निर्मिती असेल तर बालकलाकारांसाठीच्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे ठेवीत. हौशी कामालाही हे वेळापत्रक म्हणून पाळा. रात्रीचं शूटिंग टाळता येतं: खिडक्यांना जाड काळी कापडं लावून दुपारी रात्र करा.

मुलांना भुताच्या रंगभूषेची प्रक्रिया बसून बघू द्या. शेजारच्या काकू हिरव्या होताना समोर दिसल्या की मूल घाबरत नाही. “खरी प्रतिक्रिया हवी” म्हणून मुलाला न सांगता दचकवणं हा प्रकार सेटवर चालू देऊ नका. तो क्रूर आहे, शिवाय त्यानंतर ते मूल दुसरा टेक देत नाही.

प्रश्न : प्रमाणपत्र लागतं का? (देवळाली कॅम्प)

यूट्यूबवर टाकायला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही. चित्रपटगृहात किंवा सार्वजनिक ठिकाणी दाखवायचं तर लागतं. अर्ज ‘ई-सिनेप्रमाण’ या संकेतस्थळावर होतो आणि नाशिकसाठी मुंबई कार्यालय आहे. आता ‘यूए’चे तीन भाग आहेत: ७+, १३+ आणि १६+. घरच्यांसोबत बघायच्या भुताचं ध्येय ७+ ठेवा. मग रक्त, गळफास, अंगारे-धुपाऱ्यांनी रोग बरा होतो असं सांगणारा मांत्रिक, हे संहितेतच गाळा. मांत्रिक हवाच असेल तर तो ठकतो असं दाखवा, हसूही जास्त येतं.

प्रश्न : वाडा, गोदाघाट आणि पांडवलेणी, तिन्हीकडे शूटिंगला कुणाला विचारायचं? ड्रोन चालेल का? (इंदिरानगर)

वाड्याच्या मालकांचं लेखी संमतिपत्र घ्या. भाऊबंदकी असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी धाकट्या पातीचे काका येऊन दिवे बंद करतात. महापालिकेने त्या वाड्याला धोकादायक म्हणून नोटीस दिलेली नाही ना, हे आधी विचारा. नोटीस नसली तरी माडीवर एका वेळी सात-आठांपेक्षा जास्त माणसं आणि जड दिवे चढवू नका. तुळया बाहेरून धड दिसतात, भिंतीत गेलेली टोकं कुजलेली असतात. शेजाऱ्यांना आणि जवळच्या पोलीस ठाण्याला तारीख-वेळ लेखी कळवा. किंकाळीचा आवाज रात्री अकराला घेणार असाल तर विशेषच.

घाटासाठी महापालिका आणि पोलीस दोन्ही, आणि आरतीच्या वेळा सोडून. पांडवलेणी केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, तिथे पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या परवानगीशिवाय ट्रायपॉडसुद्धा लावू देत नाहीत. हाताशी वेळ नसेल तर लेणी पायथ्यावरून, लांबून घ्या.

ड्रोनचा नाद सोडा. देवळालीचा लष्करी परिसर, ओझरचा विमानतळ, नाशिक रोडचा नोटांचा छापखाना यामुळे शहराभोवतीच्या आकाशात बरीच बंधनं आहेत. उडवायचाच असेल तर आधी ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघा आणि लाल पट्ट्यात काहीही उडवू नका. नाहीतर समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून घेतलेल्या शॉटनेही वाडा पुरेसा उदास दिसतो, फक्त गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना चौकटीबाहेर राहतील एवढं बघा.